समुद्राला आपली ज्वारी ओळखता येते का?

आपल्या मालिकेत राजे येतात, किल्ले येतात, कागदपत्रं येतात. आज मात्र ज्या दफ्तराबद्दल बोलणार आहे ते खाऱ्या पाण्यात आहे आणि त्यातला बहुतेक मजकूर रोज नष्ट होतो. व्हिडिओत मी नकाशावर बोट ठेवून हे सगळं दाखवलं होतं. पुस्तकात नकाशा नाही, म्हणून शब्दांतच वाट दाखवते.

सुरुवात चिकपेटेतून. बंगळूरच्या या छोट्या पेठेत साड्यांची दुकानं आहेत, जरीवाले आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणारी शिंप्यांची, रंगाऱ्यांची घरंही आहेत. केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास ही पेठ वसवली. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे इथे आले आणि बंगळूर त्यांची जहागीर झालं. हे तुम्हाला माहीत आहेच. आज मला विचारायचं आहे ते वेगळंच : या पेठेत पडलेला पाऊस, दुकानांपुढचं धुणं, चहाच्या गाळणीतला चोथा, हे सगळं वाहून जातं कुठे?

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे आणि उंचवट्याच्या पाठीवर बसलेलं आहे. त्यामुळे जुन्या पेठेच्या परिसराचं पाणी दोन दिशांना फुटतं. मॅजेस्टिकजवळून निघालेला मोठा राजकालुवे, म्हणजे पावसाळी नाला, मार्केट, शांतिनगर, कोरमंगला असं करत बेलंदूर तलावाला मिळतो. तिथून वर्तूर, मग दक्षिण पिनाकिनी, आणि तमिळनाडूत कडलूरजवळ बंगालचा उपसागर. पश्चिमेकडचं पाणी वृषभावतीत उतरतं, वृषभावती अर्कावतीला मिळते, अर्कावती कनकपूरच्या पुढे संगमावर कावेरीला. मग कावेरी त्रिभुज प्रदेशातून पूंपुहारला समुद्र गाठते.

आता गंमत बघा. शहाजीराजांचे चिरंजीव व्यंकोजी बंगळूरहून गेले कुठे? तंजावरला, १६७५ च्या सुमारास. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात. वृषभावतीचं पाणी ज्या बाजूला जातं त्याच बाजूला भोसल्यांची ही शाखा गेली. त्यांनी तिथे काय ठेवलं ते वाचता येतं. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ चा भोसले वंशाचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. पाण्याने जे नेलं ते वाचायचं कसं?

त्यातही एक गुंता आहे. १९७४ पासून बंगळूरला कावेरीचं पाणी पंपाने येतं, सुमारे १०० किलोमीटर लांबून आणि जवळजवळ ५०० मीटर वर चढून. म्हणजे कावेरीचं पाणी नळातून चिकपेटेत येतं आणि नाल्यातून पिनाकिनीच्या खोऱ्यात जातं. नदी तिच्या खोऱ्याबाहेर पडते, तीही आपल्या मोरीतून. अलीकडे तर शुद्ध केलेलं सांडपाणी कोलारच्या तलावांकडे पाठवलं जातं. नुसता नकाशा बघून कोणत्या पाण्यात कुठली माती आहे हे सांगायचे दिवस गेले.

पाण्याबरोबर गाळ जातो, तो डोळ्यांना दिसतो. पण पानं कुजली, शेण मुरलं, भाताचं पेज ओतलं, की त्यातला बराच भाग पाण्यात विरघळतो. बारीकात बारीक गाळणीतून पाणी काढलं तरी तो खाली उतरतोच. चहा गाळल्यावर पत्ती वर राहते आणि रंग खाली उतरतो ना, तसा. या विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यातला जो कार्बन, त्याला शास्त्रज्ञ विरघळलेला सेंद्रिय कार्बन म्हणतात. पश्चिम घाटातल्या ओढ्याचं पाणी पहिल्या पावसात चहासारखं दिसतं ते त्याच्यामुळे. एका लिटर समुद्राच्या पाण्यात मीठ असतं ३५ ग्रॅम आणि हा कार्बन असतो जेमतेम एक मिलिग्रॅम, अनेकदा त्याहूनही कमी. पस्तीस हजार दाणे मिठाचे, एक दाणा आपला. त्या एका दाण्याला विचारायचं, बाबा, तू कुठला?

विचारायची सोय कशी झाली हा विसाव्या शतकातल्या विज्ञानाचा एक सुंदर धागा आहे. निसर्गातला कार्बन सगळा एका वजनाचा नसतो. शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव अणू १२ वजनाचे आणि एकाहून किंचित जास्त १३ चे. दोन्ही टिकाऊ, कधी न फुटणारे. म्हणून त्यांना स्थिर समस्थानिकं म्हणायचं. कार्बन-१४ वेगळा. तो हळूहळू फुटत जातो आणि म्हणून वय सांगतो. माझ्या सोयीसाठी मी असं लक्षात ठेवते की कार्बन-१४ म्हणजे घड्याळ आणि कार्बन-१३ म्हणजे गोत्र. घड्याळ दर क्षणी पुढे सरकतं, गोत्र सहसा बदलत नाही.

१९३९ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड नियर आणि अर्ल गुलब्रॅन्सन यांनी मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर दाखवलं की चुनखडीत जड कार्बन जरा जास्त असतो आणि वनस्पतींत जरा कमी. कारण साधं आहे. पान हवेतला कार्बन आत घेतं तेव्हा हलका अणू सहज आत जातो, जड अडतो. हॅरोल्ड युरी यांच्या शिकागोच्या प्रयोगशाळेत ही मोजणी पक्की झाली आणि १९५३ मध्ये हार्मन क्रेग यांनी खडक, झाडं, समुद्री जीव, खनिज तेल, सगळ्यांचे आकडे एका मापावर आणून ठेवले. ते माप म्हणजे दक्षिण कॅरोलायनातल्या पीडी थरात मिळालेल्या एका प्राचीन समुद्री प्राण्याचं जीवाश्म. त्याला शून्य मानायचं आणि बाकीच्यांत दर हजारी किती कमी-जास्त ते लिहायचं. गंमत म्हणजे मोजता मोजता ते जीवाश्म संपलं! आता दुसऱ्या नमुन्यावरून तेच शून्य चालवतात. आपल्याकडे शेरा-पायलीची मापं गेली तरी हिशेब चालूच राहिले, त्यातलाच प्रकार.

आकडे दोनच लक्षात ठेवा. जमिनीवरची बहुतेक झाडं, उणे २७ च्या आसपास. समुद्रातले तरंगते सूक्ष्म शेवाळ, उणे २१ च्या आसपास. खाडीतल्या नमुन्यात उणे २४ आलं तर अर्धा जमिनीचा, अर्धा समुद्राचा. दुधात पाणी किती हे लॅक्टोमीटरने काढावं तसा हिशेब. १९६३ मध्ये सॅकेट आणि थॉम्पसन यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या गाळावर हाच हिशेब मांडला. नदीच्या तोंडाशी आकडे झाडांसारखे, खोल समुद्राकडे जावं तसे समुद्रासारखे. विरघळलेल्या कार्बनवर तो मांडायला वेळ लागला, कारण मिठातून तो एक दाणा वेगळा काढणं महाकठीण. १९६८ मध्ये पीटर विल्यम्स यांनी समुद्राच्या पाण्यातल्या विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याचं कार्बन-१३ मोजलं आणि पुढच्या वर्षी सहकाऱ्यांसह त्याचं घड्याळही वाचलं. ईशान्य प्रशांत महासागरातल्या खोल पाण्यातल्या त्या कार्बनचं वय निघालं सुमारे ३४०० वर्षं. १९८७ मध्ये विल्यम्स आणि एलन ड्रफेल यांनी मध्य-उत्तर प्रशांतात खोलवर ६००० वर्षांच्या आसपासचं वय नोंदवलं.

इथे कोडं सुरू होतं, आणि मला ते इतिहासाच्या विद्यार्थिनीसारखं अस्वस्थ करतं. जगातल्या नद्या दरवर्षी अंदाजे २५ कोटी टन विरघळलेला सेंद्रिय कार्बन समुद्रात ओततात. सगळ्या महासागरांत मिळून तो आहे सुमारे ६६,००० कोटी टन. भागाकार करा : तीन हजार वर्षांच्या आतच नद्या अख्खा साठा भरून काढू शकतात. साठ्याचं वय तर त्याच्या दुप्पट. मग समुद्रातला कार्बन जमिनीसारखा दिसायला हवा. दिसतो मात्र समुद्रासारखाच, उणे २१-२२. लिग्निन हे द्रव्य फक्त जमिनीवरच्या झाडांत असतं, लाकडाला ताठपणा देतं. १९८६ मध्ये मेयर्स-शुल्ट आणि जॉन हेजेस यांनी प्रशांत महासागराच्या पाण्यात ते शोधून दाखवलं, म्हणजे जमीन तिथवर पोचते हे सिद्ध झालं. पण किती? पुढच्या मोजण्यांत तो वाटा शंभरात दोनच्या आसपास, अनेक ठिकाणी त्याहून कमी निघाला. १९९७ मध्ये हेजेस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एका लेखाच्या शीर्षकातच विचारून टाकलं की जमिनीवरच्या सेंद्रिय द्रव्याचं समुद्रात होतं तरी काय.

उत्तराचा मोठा भाग किनाऱ्याजवळ आहे. सूर्यप्रकाश ते रेणू तोडतो, जिवाणू खातात, आणि कार्बन डाय-ऑक्साइड होऊन तो पुन्हा हवेत जातो. म्हणजे खाडी आणि किनारपट्टीचा समुद्र हे नुसतं दार नाही, तिथे भट्टी पेटलेली असते. हवेत किती कार्बन जातो आणि समुद्रात किती मुरतो याचा जगाचा हिशेब या भट्टीत किती जळतं त्यावर अडून बसतो. म्हणूनच तो एक दाणा कुठला हे कळणं गरजेचं आहे.

पण मंडळी, उत्तराचा दुसरा भाग असाही असू शकतो की जमिनीचा कार्बन तिथे आहे, आपल्याला ओळखू येत नाही. आणि त्याला कारणीभूत आहेत ऊस आणि ज्वारी.

१९६० च्या दशकात हवाईमध्ये आणि ऑस्ट्रेलियात उसाच्या पानावर काम करणाऱ्यांना आढळलं की ऊस हवेतला कार्बन वेगळ्याच रीतीने पकडतो. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये ही रीत मांडली. बहुतेक झाडांत पहिला पदार्थ तीन कार्बनांचा, उसात चार कार्बनांचा. म्हणून सी-३ आणि सी-४. सी-४ झाडांचं कार्बन-१३ उणे १२ च्या आसपास येतं. मक्याच्या कणसांची कार्बन-१४ वरून काढलेली वयं खऱ्यापेक्षा तरुण येत होती, त्याचंही कारण हेच : गोत्र वेगळं असल्यामुळे घड्याळही जरा पुढेमागे दिसत होतं. मार्गारेट बेंडर यांनी १९६८ मध्ये मका आणि इतर गवतांच्या मोजण्या छापल्या, तेव्हा तो उलगडा झाला.

आता आपलं ताट बघा. तांदूळ, गहू, डाळी, आंबा, फणस, नारळ, कापूस, सगळे सी-३. ज्वारी, बाजरी, मका, ऊस सी-४. बंगळूरची रागी, म्हणजे आपली नाचणी, तीही सी-४. माळावरची कुसळीसुद्धा सी-४. समजा एखाद्या नदीच्या खोऱ्यातून येणाऱ्या सेंद्रिय द्रव्यात ६० टक्के झाडोरा सी-३ आहे आणि ४० टक्के सी-४. हिशेब करू : उणे २७ चे ६० टक्के म्हणजे उणे १६.२, उणे १२ चे ४० टक्के म्हणजे उणे ४.८. बेरीज उणे २१.

उणे २१ म्हणजे समुद्र! शुद्ध जमिनीचं पाणी, पण यंत्र सांगणार, हा समुद्राचा. हे माझं कागदावरचं गणित आहे, कुठल्या नदीचं मोजमाप नव्हे. पण १९९७ मध्ये गोन्यी, रुटेनबर्ग आणि एग्लिंटन यांनी प्रत्यक्षात असंच काहीसं दाखवलं, आणि तेही नेमकं मेक्सिकोच्या आखातात, जिथे तो पहिला सोपा हिशेब मांडला गेला होता. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या गवताळ माळांची बारीक माती दूरवर खोल समुद्रात जाऊन बसते, तिच्यात सी-४ गवताचा कार्बन असतो, आणि आजवर तो समुद्राच्या खात्यावर मांडला जात होता. जमा-खर्च बरोबर होता, खातं चुकलं होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. थंड देशातल्या जंगलांवर बसवलेलं माप दख्खनला जसंच्या तसं लावता येत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर उभं राहा. पश्चिमेला उतरणारे ओढे जंगल, भात, आमराया धुऊन आणतात. तासा-दोन तासांच्या वाटेवर समुद्र, आणि कार्बनचं गोत्र बहुतेक स्वच्छ सी-३. मांडवी-जुवारीच्या मुखाशी, दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या पाण्यात जमीन आणि समुद्र वेगळे ओळखणं त्या मानाने सोपं. पूर्वेला उतरणारी गोदावरी, भीमा, कृष्णा ज्वारीच्या आणि उसाच्या रानांतून हजार-हजार किलोमीटर जातात, धरणांत थांबतात, मग उपसागराला भेटतात. एकाच पावसाचे दोन थेंब पाणलोटाच्या दोन बाजूंना पडले, तर समुद्रात पोचेपर्यंत त्यांची साक्ष इतकी वेगळी होते. इथे कार्बन-१३ एकट्याने पुरत नाही. लिग्निनचे प्रकार बघावे लागतात, कारण गवताचं आणि लाकडाचं लिग्निन वेगळं. नायट्रोजनची समस्थानिकं बघावी लागतात, कारण मैल्याचं नायट्रोजन सहसा जड असतं. आणि खोऱ्यात कुठल्या काळी काय पिकत होतं हे माहीत असावं लागतं. हे शेवटचं काम रसायनशास्त्राचं नाही, आपलं आहे.

पेठेच्या नाल्याचंच घ्या. त्यातला कार्बन म्हणजे इडलीचा तांदूळ, मुद्देची रागी, कॉफीतली उसाची साखर. सकाळी सी-३ आणि सी-४ एकाच भांड्यात विसळले जातात. वर साबणाचा फेस. बेलंदूरच्या तलावावर फेसाचे डोंगर आणि आगीसुद्धा सगळ्या देशाने बातम्यांत पाहिल्या. कपड्याच्या पावडरीतले अनेक रेणू खनिज तेलापासून बनतात, आणि खनिज तेलाचं कार्बन-१३ साधारण झाडासारखंच दिसतं, कारण ते मुळात प्राचीन जीवांचंच. फक्त गोत्र विचारलंत तर पावडर म्हणेल, मी रानातलं पान आहे. घड्याळ बघितलं की सोंग उघडं पडतं. त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. म्हणून शहरांखालच्या नद्यांत दोन्ही वाचावे लागतात.

आपल्याच शहरात या विद्येने एक फार चांगलं काम झालं आहे. भारतीय विज्ञान संस्थेतले रामन सुकुमार हत्तींचे अभ्यासक. हत्ती गवत किती खातो आणि झाडपाला किती, हे त्यांनी अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या आर. रमेश यांच्याबरोबर हत्तीच्या हाडातल्या कार्बन-१३ वरून तपासलं. गवत सी-४, पाला सी-३, हाड हिशेब ठेवतं. मग हीच मंडळी निलगिरीच्या दलदलीतल्या कुजक्या थरांकडे वळली. १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह सुमारे वीस हजार वर्षांचा आलेख छापला. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात निलगिरीवर कोरड्या हवेचं सी-४ गवत पसरलेलं, मग पावसाळे सुधारले तसा सी-३ झाडोरा पुढे आला, नंतर पुन्हा कोरडा काळ. त्याच निलगिरीतून भवानी निघते आणि कावेरीला मिळते. म्हणजे कावेरीने समुद्रात नेलेल्या कार्बनचं गोत्र कायम एक नव्हतं. वरचं रान बदललं की तेही बदललं.

आणि गोदावरी? २००६ मध्ये भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेत गोदावरीच्या मुखापुढे समुद्रतळात भोकं पाडून गाळाचे लांब दंडगोल काढले गेले. त्यातल्या एकाचा अभ्यास कामिलो पाँटन, लिविऊ जोसान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. इथे विरघळलेला कार्बन नाही. तो इतकी वर्षं जागेवर थांबतच नाही. थांबलं ते पानांवरचं मेण. पाण्यात न विरघळणारं, गाळाला चिकटून त्र्यंबकेश्वरापासून खालच्या साऱ्या खोऱ्याची खबर आणणारं. त्याचं कार्बन-१३ सांगतं की साधारण ४००० वर्षांपूर्वीपासून १७०० वर्षांपूर्वीपर्यंत खोऱ्यात कोरड्या हवेला सरावलेली झाडं वाढत गेली आणि पुढे तीच टिकून राहिली.

हा आलेख बघून ‘चार हजार वर्षांपूर्वी दख्खनला ज्वारी आली’ असं म्हणण्याचा मोह होतो, आणि मी तो टाळा असं सांगेन. मेण कुसळीचं आहे की ज्वारीचं, कार्बन-१३ ला कळत नाही. दोघं एकाच गोत्राचे. उत्खननातल्या जळक्या दाण्यांना मात्र कळतं. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधरा वर्षं घोड नदीकाठी इनामगाव खणलं. घोड भीमेला मिळते, म्हणजे ते कृष्णेचं खोरं, गोदावरीचं शेजारी. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचं मुख्य धान्य होतं जव. जव सी-३! म्हणजे आजूबाजूचा माळ सी-४ कडे झुकत असतानाही माणसाच्या कणगीत सी-३ असू शकतं. समुद्रातला दंडगोल रानाबद्दल बोलतो, कणगीबद्दल नाही. शिवाय प्रवरेच्या काठचं दायमाबाद याच गोदावरीच्या खोऱ्यात. तिथली वस्ती उठली तेव्हा खाली समुद्रात गाळाचा कुठला थर बसत होता, हे दोन्ही नोंदी शेजारी ठेवूनच कळेल. पुढच्या भागात आपण दायमाबादच्या काशाच्या रथाबद्दल बोलणार आहोत, तेव्हा हा आलेख जवळ ठेवा.